अब्जाधीशांना सायकेडेलिक्स आणि ‘जाणिवे’च्या संशोधनात एवढा रस का असतो?

सिलिकॉन व्हॅलीतला कुणी सीईओ पॉडकास्टवर येतो आणि सांगतो, की एका मशरूमच्या सेशननं माझं आयुष्य बदललं. क्लिप व्हायरल होते. खाली कॉमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, “या लोकांना काहीतरी गुपित कळलंय, आपल्यापासून लपवतायत.” दुसरा म्हणतो, “लोकांची डोकी ताब्यात घ्यायचा हा प्लॅन आहे.”

दोन्ही गटांच्या म्हणण्याला थोडाथोडा आधार आहे. पण खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा मोठी आहे. तिच्यात गुप्तहेर आहेत, मृत्यूची भीती आहे, शेअर बाजार आहे आणि मेक्सिकोतल्या डोंगरात राहणारी एक गरीब बाईही आहे. सुरुवात तिच्यापासूनच करू.

एक बँकर, एक बाई आणि एक रात्र

गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. बायको व्हॅलेंटिना मूळची रशियन, पेशानं डॉक्टर. दोघांनाही अळंबीचं विलक्षण वेड. जगात कुठे कुठे अळंबी पवित्र मानतात, हे शोधत वॉसन मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या वाउत्ला या गावी पोहोचले.

तिथे मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची वैद्यीण होती. गावात कुणी आजारी पडलं की ती रात्री विधी करायची. त्यात जी अळंबी खाल्ली जायची, तिला ते लोक ‘पवित्र बालकं’ म्हणत. मजेसाठी ती कुणी खात नसे. वॉसन यांनी मुलाची काळजी वाटते, त्याची खुशाली कळावी, असं कारण सांगितलं. ते निव्वळ निमित्त होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. २९ जून १९५५ च्या रात्री त्यांना विधीत बसू दिलं गेलं.

१३ मे १९५७ रोजी ‘लाइफ’ या अमेरिकेतल्या प्रचंड खपाच्या साप्ताहिकात वॉसन यांचा सचित्र लेख आला. बाईचं नाव बदललं होतं, पण ठिकाण शोधायला फार वेळ लागला नाही. पुढच्या काही वर्षांत हिप्पी आणि हौशे-नवशे त्या गावात झुंडीनं येऊ लागले. मागोमाग पोलीस आले. गावकऱ्यांनी या सगळ्याचा राग मारिया साबिनावर काढला. तिचं घर जाळलं गेलं, तिला काही काळ अटकही झाली. परके आल्यापासून ‘पवित्र बालकां’ची शक्तीच गेली, असं ती पुढे सांगायची.

त्याच अळंबीतून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये ‘सायलोसायबिन’ हा घटक वेगळा केला. कंपनीनं त्याच्या गोळ्या बनवल्या. १९६२ मध्ये हॉफमन त्या गोळ्या घेऊन मारिया साबिनाकडे गेले. गोळीत तीच शक्ती आहे, असा निर्वाळा तिनं दिला.

एका गावाचं ज्ञान, श्रीमंत माणसाचं कुतूहल, मोठं मीडिया हाऊस आणि औषध कंपनी, हे सगळं या एका गोष्टीत आहे. आज जे चाललंय त्याचा साचा तेव्हाच तयार झाला होता.

पण सायकेडेलिक्स म्हणजे नेमकं काय?

सायलोसायबिन, एलएसडी, मेस्कलिन, डीएमटी ही त्यातली मुख्य नावं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. यातल्या बऱ्याच पदार्थांची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असते आणि ते सेरोटोनिनच्या ठरावीक कुलपांमध्ये जाऊन बसतात. मग मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचं आपसातलं नेहमीचं बोलणं विस्कटतं. रंग, आवाज, वेळ यांचं भान बदलतं. काहींना ‘मी’ ही भावनाच विरघळल्यासारखी वाटते. कुणाला हा अनुभव दिव्य वाटतो, कुणाला भयानक.

एलएसडी हॉफमन यांनीच १९३८ मध्ये बनवलं होतं. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा, स्वतःवर वापरून पाहिलं आणि सायकलवरून घरी जाताना जग वितळताना पाहिलं. केटामाइन आणि एमडीएमए यांची नावंही याच यादीत घेतली जातात, पण ती वेगळ्या पद्धतीनं काम करतात. केटामाइन तर मुळात भुलीचं औषध आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बड्या लोकांना यात रस का? कारणं एकाहून जास्त आहेत.

कारण पहिलं : सत्तेला मनावर ताबा हवा होता

‘माइंड कंट्रोल’ म्हटलं की आपण हसतो. पण सीआयएनं हे खरोखर करून पाहिलं. १३ एप्रिल १९५३ रोजी तेव्हाचे प्रमुख ॲलन डलेस यांनी ‘एमके-अल्ट्रा’ या कार्यक्रमाला मंजुरी दिली. सूत्रं सिडनी गॉटलीब या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. शीतयुद्धाचा काळ होता. रशिया आणि चीनकडे मन फिरवायचं तंत्र आहे अशी भीती होती, आणि ते आपल्याकडेही हवं होतं.

विद्यापीठं, रुग्णालयं, तुरुंग अशा ८० हून अधिक संस्थांमध्ये हे काम चाललं. अनेकांना आपल्याला काय दिलं जातंय हेच माहीत नव्हतं. केंटकीतल्या व्यसनमुक्ती केंद्रात काही कैद्यांना सलग ७७ दिवस एलएसडी दिलं गेलं. नोव्हेंबर १९५३ मध्ये लष्कराचे शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन यांना नकळत पेयातून एलएसडी दिलं गेलं. काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली.

१९७३ मध्ये सीआयएनं यातली बहुतेक कागदपत्रं नष्ट केली. जी वाचली, ती १९७७ मध्ये अमेरिकी संसदेसमोर आली. षड्यंत्राच्या कथांना इतकं बळ मिळतं त्यामागे हेही एक कारण आहे. एकदा खरोखर षड्यंत्र झालं होतं आणि पुरावे खरोखर नष्ट केले गेले होते.

वाउत्ला गावही यातून सुटलं नाही. वॉसन यांच्या १९५६ च्या मोहिमेत जेम्स मूर नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्यामागे पैसा सीआयएचा होता, वॉसन यांना हे ठाऊक नव्हतं.

पण मोठी गंमत म्हणजे सीआयएला हवं ते मिळालंच नाही. एलएसडी दिलेला माणूस आज्ञाधारक होत नाही, तो काय करेल हे सांगता येत नाही. मन ताब्यात घ्यायच्या दृष्टीनं हा प्रयोग फसला.

कारण दुसरं : सगळं मिळाल्यावरही काहीतरी उरतं

गुप्तहेर तळघरात प्रयोग करत होते, त्याच काळात दिवाणखान्यांतही एलएसडी पोहोचलं होतं. ‘टाइम’ आणि ‘लाइफ’चे संस्थापक हेन्री लूस आणि त्यांच्या पत्नी, अमेरिकेच्या इटलीतल्या माजी राजदूत क्लेअर बूथ लूस, या दोघांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला एलएसडी घेतलं होतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तेव्हा ते बेकायदा नव्हतं.

लेखक ऑल्डस हक्सली यांनी १९५३ मध्ये मेस्कलिन घेतलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हे आधी कलावंत, विचारवंत आणि धुरीणांपर्यंत पोहोचवावं, असं त्यांचं मत होतं. हार्वर्डमधले टिमोथी लिअरी उलट टोकाचे, त्यांना ते सगळ्यांना द्यायचं होतं. ‘निवडक लोकांसाठी की सगळ्यांसाठी’ हा वाद तिथूनच सुरू होतो.

लिअरी यांचे सहकारी रिचर्ड अल्पर्ट यांना १९६३ मध्ये हार्वर्डनं काढलं. ते भारतात आले, नीम करोली बाबांचे शिष्य झाले आणि ‘राम दास’ म्हणून परतले. त्यांचं पुस्तक वाचलेला एक अमेरिकी तरुण १९७४ मध्ये उत्तराखंडातल्या कैंची धामला पोहोचला. तो स्टीव्ह जॉब्स. बाबा आदल्या वर्षीच गेले होते. एलएसडी घेणं ही आयुष्यातल्या दोन-तीन सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक, असं जॉब्स यांनी पुढे सांगितलं.

त्यामुळे ‘एलएसडी घेतलं म्हणून ॲपल बनलं’ अशी एक दंतकथा तयार झाली. तिला उतारा म्हणून हे एक उदाहरण. संगणकाच्या माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनीही एलएसडीच्या एका प्रयोगात भाग घेतला होता. त्या सत्रात त्यांना सुचलं काय, तर लहान मुलांना कमोडमध्ये शू करायला शिकवणारं एक खेळणं. धार पडली की फिरणारं छोटं चाक! माऊसशी त्याचा काही संबंध नव्हता.

या लोकांना ओढ कशाची होती? पैसा, नाव, सत्ता हातात आल्यावरही ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न सुटत नाही. आणि मृत्यूचा चेक वटवून कुणालाच मोकळं होता येत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाच्या ५१ रुग्णांना सायलोसायबिन दिलं गेलं. सहा महिन्यांनंतर सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता बरीच कमी झालेली दिसली. ज्याच्याकडे सगळं काही आहे आणि मृत्यूवर इलाज नाही, त्याला असा आकडा खेचून घेणारच.

कारण तिसरं : सरकारनं हात काढला, श्रीमंतांनी घातला

१९७० मध्ये अमेरिकेनं एलएसडी आणि सायलोसायबिन सर्वांत कडक यादीत टाकलं. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं जगभर तेच झालं. सरकारी निधी आटला आणि संशोधन जवळपास ठप्प झालं.

ते पुन्हा उभं राहिलं खासगी देणग्यांवर. २००६ मध्ये हॉपकिन्सचे रोलँड ग्रिफिथ्स यांचा अभ्यास आला. ३६ जणांना सायलोसायबिन दिलं होतं. दोन महिन्यांनी त्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत बसतो असं सांगितलं. २०१९ मध्ये तिथे सायकेडेलिक आणि जाणीव संशोधनाचं केंद्र सुरू झालं ते १ कोटी ७० लाख डॉलरच्या देणगीवर. देणगीदार कोण? लेखक-गुंतवणूकदार टिम फेरिस, वर्डप्रेसचे मॅट मलनवेग, टॉम्स शूजचे ब्लेक मायकोस्की आणि हेज फंडवाले स्टीव्हन कोहेन यांचं प्रतिष्ठान.

हे वाईटच आहे का? नाही. हे पैसे नसते तर कित्येक अभ्यास झालेच नसते. पण जो पैसा देतो त्याचा कल अभ्यासात उतरू शकतो. हॉपकिन्समध्ये धर्मगुरूंना सायलोसायबिन देण्याचा एक अभ्यास झाला. मंजुरी नसलेले लोक त्यात थेट सहभागी होते आणि त्यात निधी देणाऱ्याचाही समावेश होता, असं विद्यापीठाच्याच तपासणीत आढळलं. तो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला तो या कबुलीसह.

कारण चौथं : यात मोठा धंदा आहे

अळंबी जंगलात उगवते, तिचं पेटंट घेता येत नाही. मग पैसा कसा कमवायचा? जुन्या पदार्थाचं थोडं वेगळं रूप बनवायचं आणि त्या रूपाचं पेटंट घ्यायचं.

केटामाइनचंच बघा. १९६२ पासूनचं हे स्वस्त औषध. त्याच्या रेणूची आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं असतात, त्यातलं एक वेगळं करून जॉन्सन अँड जॉन्सननं नाकात मारायचा स्प्रे आणला. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. २०२४ मध्ये त्याची विक्री १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

सायलोसायबिनमध्ये आघाडीवर आहे कंपास पाथवेज ही कंपनी. पेपालचे सहसंस्थापक पीटर थील तिच्या सुरुवातीच्या गुंतवणूकदारांपैकी एक. तिनं सायलोसायबिनच्या विशिष्ट स्फटिकरूपाचं पेटंट घेतलं, त्यावर बराच वाद झाला. सप्टेंबर २०२० मध्ये ती नॅस्डॅकवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲबव्ही या बड्या औषध कंपनीनं अशाच एका नव्या रेणूसाठी १२० कोटी डॉलरपर्यंतचा सौदा केला.

राजकारणीही मागे नाहीत. टेक्सासनं २०२५ मध्ये आयबोगेन या पदार्थाच्या संशोधनासाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले. पुढाकार होता माजी गव्हर्नर रिक पेरी यांचा, म्हणजे कडव्या उजव्या पक्षाच्या नेत्याचा. कारण दिलं गेलं युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक जखमांचं. हे आयबोगेन येतं आफ्रिकेतल्या गॅबॉन आणि आसपासच्या जंगलातल्या झुडपाच्या मुळातून. तिथल्या ब्विटी पंथात ते पिढ्यान् पिढ्या वापरलं जातं. वाउत्लाचीच गोष्ट पुन्हा नव्यानं.

आणि ही ‘जाणीव’ काय भानगड आहे?

मेंदू म्हणजे दीडेक किलोचा मांसाचा गोळा. त्यातून ‘मला दुखतंय’, ‘मला लाल रंग दिसतोय’ हा आतला अनुभव कसा तयार होतो? याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी ‘कठीण प्रश्न’ असं नाव दिलं. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत याची मेंदूतली खूण आम्ही शोधू. जून २०२३ मध्ये कॉख यांनी हार मानली आणि वाइनच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या हवाली केल्या.

या क्षेत्रातही बड्यांचा पैसा आहे. कॉख ज्या मेंदूसंस्थेत काम करतात ती मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी २००३ मध्ये १० कोटी डॉलर देऊन उभी केली. जाणिवेचे प्रतिस्पर्धी सिद्धांत समोरासमोर तपासायचे प्रयोग झाले, त्यांना निधी मिळाला गुंतवणूकदार जॉन टेम्पलटन यांच्या नावाच्या संस्थेकडून. आता एआयमुळे हा प्रश्न आणखी तापलाय. मशीनला जाणीव असू शकते का, हे ठरवायचं तर आधी जाणीव म्हणजे काय ते कळायला हवं. सायकेडेलिक्स इथे उपयोगी ठरतात, कारण जागेपणी जाणीव बदलून बघायचं ते एक साधन आहे.

मग यातून खरंच फायदा होतो का?

काही आजारांत आशा आहे, चमत्कार नाही. कंपासच्या २३३ रुग्णांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनं तीन आठवड्यांनंतर नैराश्य कमी झालेलं दिसलं. पण परिणाम बऱ्याच जणांमध्ये टिकला नाही. शिवाय या चाचण्यांत एक मूळची अडचण आहे. आपल्याला खरं औषध मिळालं की साधी गोळी, हे रुग्णाला अर्ध्या तासात कळतं. मग फरक औषधाचा किती आणि अपेक्षेचा किती, हे सांगणं अवघड होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मानसिक आघातावर एमडीएमए वापरायचा प्रस्ताव फेटाळला. त्याआधी तज्ज्ञांच्या समितीनं १० विरुद्ध १ मतांनी धोके जास्त असल्याचं सांगितलं होतं. एका चाचणीत थेरपिस्टनं रुग्णाशी गैरवर्तन केल्याचं प्रकरणही समोर आलं होतं. या अवस्थेत माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली असतो, हे विसरून चालत नाही.

ज्यांना किंवा ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे आजार आहेत, त्यांना तर बहुतेक चाचण्यांमध्ये घेत नाहीत. कारण त्यांचा आजार उफाळून येऊ शकतो. पॉडकास्टवरचा सीईओ हे सांगत नाही.

भारतात काय?

गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, पुढे गोवा ट्रान्स हे संगीत जन्माला आलं, तेव्हापासून एलएसडीचं नाव आपल्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर आणखी एक दावा फिरतो, की ऋग्वेदातला सोम म्हणजे मशरूमच. हा दावा गाजवला तोही आपल्या ओळखीच्या माणसानं. बँकर वॉसन यांनीच १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केलं नाही. सोम नेमकी कोणती वनस्पती, यावर आजही एकमत नाही.

कायदा मात्र अगदी स्पष्ट आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात एलएसडी, सायलोसायबिन, डीएमटी, एमडीएमए सगळ्यांवर बंदी आहे. एलएसडीचं ‘व्यावसायिक प्रमाण’ फक्त ०.१ ग्रॅम आहे. शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं, वर किमान १ लाखाचा दंड. एलएसडी कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांवर टाकून विकतात. वजन करताना तो कागदही धरायचा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे मूठभर कागदी तुकडे सापडले तरी कॉलेजचा मुलगा थेट दहा वर्षांच्या कलमात जाऊ शकतो. केटामाइन डॉक्टरांच्या हातून भुलीसाठी आणि काही ठिकाणी गंभीर नैराश्यावर वापरलं जातं. पण तेही नियंत्रित औषध आहे.

थोडक्यात काय?

बड्या लोकांना यात रस आहे त्यामागे एखादं गुप्त मंडळ नाही. कुणाला ताबा हवा होता, कुणाला अर्थ हवा होता, कुणाला मृत्यूची भीती घालवायची होती, कुणाला नफा दिसला. तीच अळंबी आणि तेच रसायन. पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी ते संशोधन असतं, रिट्रीट असतं, गुंतवणूक असते. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी तो गुन्हा असतो. कायदेशीर झालं तरी फरक फार पडत नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात देखरेखीखाली सायलोसायबिन घेता येतं, पण एका सत्राला साधारण एक ते तीन हजार डॉलर लागतात.

म्हणून पुढच्या वेळी अशी क्लिप दिसली, तर ‘यांना काय गुपित कळलंय?’ याऐवजी तीन साधे प्रश्न विचारा. या माणसाचा पैसा यात गुंतलाय का? त्याच्या शेजारी डॉक्टर होता का? आणि हेच आपल्या गल्लीतल्या पोरानं केलं तर त्याचं काय होईल?

मारिया साबिना नोव्हेंबर १९८५ मध्ये गेली. तेव्हाही ती गरीबच होती. तिच्या ‘पवित्र बालकां’वर आज कंपन्यांची पेटंट आहेत, त्यात तिच्या जमातीचं नाव नाही.

(मन फार खचलंय, झोप उडालीय, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर इंटरनेटवरचे प्रयोग करू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. मराठीतही बोलता येतं.)